घरात गाडी एक, चालवणारे चौघे: विम्याच्या हप्त्यात सवलत कुणाला आणि कशावर?

विलेपार्ल्याच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: घरात चार वर्षांची पेट्रोल गाडी आहे, ११९७ सीसीची, पासिंग अंधेरी आरटीओचं म्हणजे एमएच ०२. आरसी त्यांच्या नावावर, चालवणारे मात्र चौघे. ते स्वतः, ६८ वर्षांचे वडील, नुकतीच गाडी शिकलेली पत्नी आणि कॉलेजात जाणारा १९ वर्षांचा मुलगा. ते ऑफिसला लोकलने जातात, त्यामुळे गाडी आठवडाभर बिल्डिंगखाली उभी असते. आजवर क्लेम नाही, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. चांगले मार्क मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना, ज्येष्ठांना, महिलांना, विवाहितांना सवलत मिळते असं त्यांनी इंटरनेटवर वाचलं. ती आपल्याकडे कशी मागायची? आणि शेवटी, पॉलिसी एजंटकडून घ्यावी की थेट ऑनलाइन?

प्रश्न चांगला आहे. मुंबईत गाडी बाळगणाऱ्या निम्म्या घरांचा हाच प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. विद्यार्थ्याचे मार्क, लग्न झालंय की नाही, घरातल्या प्रत्येक चालकाचं नाव आणि वय, हे सगळं अमेरिकेतल्या विम्याचं गणित आहे. तिथे हप्ता बऱ्याच अंशी चालवणाऱ्या माणसावर ठरतो. आपल्याकडे पॉलिसी गाडीला आणि मालकाला चिकटलेली असते. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेला कुणीही गाडी चालवत असेल तरी पॉलिसी लागू राहते. म्हणजे मुलगा हुशार आहे म्हणून हप्ता कमी होत नाही आणि पत्नी नवशिकी आहे म्हणून वाढतही नाही. काही कंपन्या मालकाचा व्यवसाय, वय वगैरे पाहून आपल्या दरात थोडं मागेपुढे करतात. कोटेशन घेताना ते जरूर विचारा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडची खरी सवलत तीन गोष्टींवर मिळते: मालकाचा क्लेमचा इतिहास, गाडीचा वापर आणि गाडीचे कागद.

आता हप्ता कुठे वाकतो आणि कुठे वाकत नाही ते पाहू. पॉलिसीचा कागद समोर घ्या. त्यावर दोन रकाने दिसतील. एकीकडे ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. दुसरीकडे लायबिलिटी किंवा थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा भाग. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये आहेत. कुठल्याही कंपनीकडे जा, कुणाचीही ओळख काढा, हा आकडा तोच राहतो. सूट फक्त सरकारने दिलेली: इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के, हायब्रिडला साडेसात टक्के. कुणी तुम्हाला थर्ड पार्टीवर 'खास डिस्काउंट' देऊ करत असेल तर पॉलिसी खरी आहे का ते आधी तपासा.

ओन डॅमेजचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले, म्हणजे कंपन्या आपापला दर ठरवू लागल्या. जुन्या दरपत्रकात मुंबई 'झोन ए'मध्ये येते, सोबत पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद. तुमच्यासारख्या पाच वर्षांच्या आतल्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तिथे आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत) ३.२८३ टक्के दर आहे. कंपन्या आजही बहुधा हाच दर पाया धरून त्यावर आपापली सूट देतात, आणि खरी तफावत इथेच पडते.

तुमच्या गाडीची आयडीव्ही ५ लाख धरू. मूळ ओन डॅमेज होतो १६,४१५ रुपये. कंपनीने त्यावर ५० टक्के सूट दिली असं समजा, उरले ८,२०७. त्यावर तुमचा ५० टक्के नो क्लेम बोनस, उरले ४,१०४. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवा, वर १८ टक्के जीएसटी: साधारण ८,८७३ रुपये. अ‍ॅड-ऑन (जादा हप्ता देऊन घ्यायचं वाढीव संरक्षण) आणि अपघात विमा यात धरलेला नाही. या हिशेबात एक गोष्ट बघा, बोनस सगळ्यात शेवटी लागतो. म्हणून आधीच्या ओळीत मिळालेली कुठलीही सूट तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात निम्मीच उरते. 'अमुक टक्के सूट' असं कुणी सांगितलं की ती कशावर, हे विचारायची सवय लावून घ्या.

तुमच्या घरातली सगळ्यात मोठी सवलत म्हणजे हा बोनसच. तो पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा चढतो, आणि एका क्लेमने शून्यावर येतो. पार्ल्याच्या बाजारात रिक्षाने मागचा बंपर फोडला तर क्लेम करावा का, हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो. त्याचं उत्तर कागदावर काढता येतं. समजा गॅरेजचं बिल ९,००० आलं: बंपर ५,०००, पेंटिंग ३,०००, मजुरी १,०००. झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता पूर्ण किंमत देणारं कलम, नसेल तर बंपर प्लास्टिकचा म्हणून त्याची निम्मी किंमत कापली जाते, रंगाच्या सामानाचाही थोडा भाग जातो, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे स्वतःचे भरावे लागतात. कंपनीकडून पदरात पडतात पाच हजारांच्या आसपास. आता दुसरी बाजू. बोनस शून्यावर आला की पुढच्या वर्षी तुम्ही ५० टक्क्यांना मुकता, त्यानंतर ३०, मग २५, १५ आणि ५ टक्क्यांना. गाडीची किंमत दरवर्षी दहाएक टक्क्यांनी उतरते असं धरलं तरी जीएसटीसह ही बेरीज साडेनऊ हजारांपुढे जाते. पाच हजार घेऊन साडेनऊ हजार घालवायचे, यात शहाणपण कुठलं? झीरो डेप असूनसुद्धा हाती आठ हजार येतात आणि हिशेब तोट्याचाच राहतो. तुमच्या गाडीसाठी माझी ढोबळ रेघ दहा हजारांवर आहे. त्याखालचं काम गॅरेजवाल्याशी घासाघीस करून खिशातून करा.

काही कंपन्या 'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचं अ‍ॅड-ऑन देतात, म्हणजे एखाददुसरा क्लेम झाला तरी बोनस टिकतो. घरात नवशिका चालक असेल तर एखाद-दोन वर्षांपुरतं घ्यायला हरकत नाही. तुमच्या घरात तर दोन नवशिके आहेत.

बोनसबद्दल आणखी एक गोष्ट, जिच्यात मुंबईकर दर दसऱ्या-पाडव्याला हजारो रुपये सोडून देतात. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी एक्स्चेंजला देऊन नवी घेताना शोरूमवाला विमा लगेच करून देतो आणि बोनसच्या रकान्यात शून्य टाकतो, कारण जुन्या कंपनीचं पत्र तुम्ही आणलेलंच नसतं. जुनी गाडी विकल्याचे कागद, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती आणि डिलिव्हरी नोट, जुन्या विमा कंपनीला देऊन बोनस राखल्याचं पत्र मागून घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओन डॅमेज कंपनीच्या सुटीनंतर २०,००० येत असेल, तर या एका पत्राने १०,००० आणि त्यावरचा जीएसटी असे ११,८०० रुपये वाचतात. शोरूमचाच विमा घ्यायचं बंधनही तुमच्यावर नाही. कोटेशन बाहेरूनही आणा आणि समोर ठेवा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज दरवर्षी वेगळ्या कंपनीकडे नेता येतो. बरेच लोक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच कंपनीत बांधले गेलोय असं समजून बसतात. तसं काही नाही.

आखातात किंवा परदेशात राहून आलेल्यांसाठी जुन्या दरपत्रकातच एक तरतूद आहे. तिथल्या विमा कंपनीचं क्लेम न घेतल्याचं पत्र असेल आणि तिथली पॉलिसी संपून तीन वर्षं झाली नसतील, तर तो बोनस इथल्या नव्या पॉलिसीला लावून मागता येतो. तसंच वडील वारले आणि गाडी पत्नीकडे किंवा मुलांकडे आली, तर वडिलांचा बोनस त्यांना मिळतो. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. नोकरीत कंपनीने दिलेली गाडी एकट्याने वापरली असेल आणि पुढे तीच गाडी तुमच्या नावावर झाली, तर नोकरीच्या कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि त्या गाडीवरचा बोनस मागून घ्या.

एक इशारा मात्र द्यायला हवा. क्लेम घेतलेला असताना रिन्यूअलच्या फॉर्मवर 'क्लेम नाही' असं टिचकी मारून बोनस घेऊ नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, आणि खोटं बहुतेक वेळा नेमकं मोठ्या क्लेमच्या वेळी उघडं पडतं. मग चार हजारांपायी चार लाखांवर पाणी सोडावं लागतं. असे कागद हातात घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मदत करायला जागाच उरलेली नसते.

आता तुमच्या घरातल्या एकेकाकडे वळू.

तुम्ही स्वतः लोकलने जाता, गाडी शनिवार-रविवारी निघते. तुमच्यासाठी 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह' बघण्यासारखं आहे. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं, ओडोमीटरचा फोटो द्यायचा, आणि ओन डॅमेजमध्ये त्या प्रमाणात सूट घ्यायची. किलोमीटरचे टप्पे कंपनीगणिक वेगळे. टप्पा निवडताना मुंबईतल्या फेऱ्या मोजून भागत नाही. गणपतीला सावंतवाडीकडे गेलात तर जाऊन-येऊन हजारएक किलोमीटर होतात, मे महिन्यात पुन्हा तेवढेच. गावातल्या गावात फिरणं वेगळं. कोकणातली माणसं हा आकडा हमखास कमी धरतात. आदल्या वर्षीच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर रीडिंग असतं, ते आणि यंदाचं रीडिंग यांची वजाबाकी करा आणि वर थोडी मोकळीक ठेवा. टप्पा ओलांडल्यावर काय होतं, वाढीव किलोमीटर विकत घेता येतात का, क्लेममधून काही कापतात का, हे लेखी विचारा. त्याच परवानगीत 'पे हाउ यू ड्राइव्ह'ही आहे, ज्यात मोबाइल अ‍ॅप किंवा गाडीतलं यंत्र तुमचं ब्रेक मारणं, वेग वगैरे पाहतं. चौघे चालवणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही, कारण १९ वर्षांच्या मुलाच्या पायाचा हिशेब तुमच्या नावावर लागेल.

वडिलांना वयाची सवलत नाही. पण त्यांच्या बाबतीत सवलतीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती लायसन्सची तारीख. ५५ नंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि पूर्वी मुदत संपल्यावर मिळणारे सवलतीचे ३० दिवस २०१९ च्या दुरुस्तीने गेले. मुदत संपलेल्या लायसन्सवर वडील सिद्धिविनायकाला जाऊन येताना अपघात झाला, तर कंपनी ओन डॅमेजचा क्लेम नाकारू शकते. आज घरी गेल्यावर त्यांचं लायसन्स काढून तारीख बघा. खरंच बघा.

पत्नी लर्निंग लायसन्सवर असतील तर एल बोर्ड लावलेला हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. ही अट पाळली नाही तर पॉलिसी असूनही नसल्यासारखी.

मुलगा १९ चा आहे, लायसन्स असेल तर प्रश्न नाही. बिल्डिंगमधल्या ज्यांची मुलं सतरा वर्षांची आहेत आणि गाडी 'फक्त कंपाउंडमध्ये' फिरवतात, त्यांना मात्र सांगा: अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो फक्त मालकाचा, म्हणजे तुमचा. वडील, पत्नी, मुलगा गाडी चालवत असताना त्यांना तो लागू नाही. तुमच्याकडे आधीच किमान १५ लाखांची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, किंवा दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत हा विमा घेतलेला असेल, तर इथे तो पुन्हा घ्यायची गरज नाही. दोन गाड्या, एक स्कूटर असलेल्या घरांत तीनदा हा हप्ता भरलेला मी नेहमी बघतो. ते पैसे वाचवा आणि त्यातून पत्नी आणि मुलाच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या. ती गाडीत, लोकलमध्ये, रस्त्यावर, सगळीकडे चालते.

आता व्हॉलंटरी डिडक्टिबल. क्लेमच्या वेळी ठरावीक रक्कम आपण स्वतः सोसायची आणि त्या बदल्यात हप्त्यात सूट घ्यायची, असा हा प्रकार. जुन्या दरपत्रकात २,५०० रुपये सोसायला २० टक्के पण जास्तीत जास्त ७५० रुपये सूट, ५,००० ला २५ टक्के पण कमाल १,५००, साडेसात हजारांना ३० टक्के पण कमाल २,०००, आणि १५,००० ला ३५ टक्के पण कमाल २,५००. टक्के मोठे दिसतात, कमाल मर्यादा कुणी वाचत नाही. तुमच्या हिशेबात साडेसात हजार सोसण्याची २,००० सूट बोनस लागल्यावर १,००० उरते, जीएसटीसह १,१८०. १५,००० सोसलेत तर १,४७५. म्हणजे आणखी साडेसात हजारांचा धोका घेऊन वर्षाला ३०० रुपयेसुद्धा वाचत नाहीत. ते नकोच. पण दहा हजारांखालचा क्लेम आपण करणारच नाही असं आत्ताच ठरवलं आहे ना? मग साडेसात हजारांचा डिडक्टिबल तुम्हाला फारसा जड नाही. लहान क्लेम तसेही सोडून देणार होता, आणि मोठा क्लेम सात-आठ वर्षांत एखादा आला तरी हिशेब तुमच्या बाजूने बसतो. हे गणित गाडी बिल्डिंगच्या आत उभी राहणाऱ्यांचं आहे. गिरगावात किंवा लालबागला रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने डिडक्टिबलच्या वाटेला जाऊ नये.

किरकोळ सवलती पटकन सांगतो. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं असेल तर ओन डॅमेजवर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. यंत्राचं प्रमाणपत्र लागतं, नुसता हॉर्न वाजणारा अलार्म चालत नाही. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेचं सभासदत्व असेल तर ५ टक्के, कमाल २०० रुपये. आधीच सभासद असाल तर मागा, यासाठी मुद्दाम होऊ नका. ३१ डिसेंबर १९४० पूर्वीची व्हिंटेज गाडी असेल तर ओन डॅमेजवर २५ टक्के. एकाच मालकाच्या दोन-तीन गाड्या असतील तर २०२२ पासून एकत्रित फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या गाड्यांना मिळून एकच पॉलिसी घेण्याचा, पर्यायही आहे, विचारून तुलना करा.

एक सवलत मात्र किरकोळ नाही आणि ती ज्यांना मिळायला हवी त्यांतल्या अनेकांना मिळत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या किंवा बदल केलेल्या गाडीला ओन डॅमेजवर ५० टक्के सूट आहे. अट एकच, गाडीतल्या बदलाची नोंद आरसीवर हवी. हाताने चालणारा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बसवून घेतात, आरटीओची नोंद राहून जाते, आणि मग ऑनलाइन फॉर्मवर हा रकाना सापडतच नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जे आरटीओ असेल तिथे ती नोंद करून घ्यायला सांगा आणि कोटेशन फोनवरून किंवा शाखेतून मागायला सांगा.

आता कुठे हात आखडता घ्यायचा नाही, ते. ऑनलाइन साइटवर आयडीव्हीची पट्टी मागे ओढली की हप्ता कमी दिसतो आणि लोक खूश होतात. तुमच्या गाडीची आयडीव्ही ५ लाखांवरून साडेचार लाख केली तर वाचतात जेमतेम ४८४ रुपये, जीएसटीसह. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर ५०,००० रुपये कमी हातात येतात.

दुसरं, इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिनाचं होणारं नुकसान भरून देणारं कलम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते तुम्हाला आठवत असेल. पण त्यासाठी २००५ ची गरज नाही. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट इथे साध्या मुसळधार पावसात भरतीच्या वेळी बॉनेटपर्यंत पाणी चढतं. गाडी पाण्यात बंद पडली की माणूस घाबरून पुन्हा चावी फिरवतो. तेवढ्यात हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडल्यावर सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाला, वाकलेला रॉड दिसतो आणि तो लिहितो की नुकसान पुरामुळे नव्हे, पाण्यात गाडी सुरू केल्यामुळे झालं. साध्या पॉलिसीत हे परिणामी नुकसान धरतात आणि इंजिनाचं बिल तुमच्यावर येतं. सीट, कार्पेट, वायरिंग मिळतं, इंजिन नाही. म्हणून मुंबईत गाडी चालवणाऱ्याने डिडक्टिबलमध्ये वाचलेले पैसे या अ‍ॅड-ऑनला लावावेत. आणि गाडी बंद पडली तर चावी काढा, फोटो घ्या, कंपनीला फोन करा, टोइंग मागवा.

झीरो डेप पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक कंपन्या देतात. तुमच्या गाडीला यंदा मिळेल. दोन नवशिके चालक असताना मी ते काढणार नाही. वर्षाला किती झीरो डेप क्लेम चालतात तेवढं विचारून ठेवा.

गाडीत बाहेरून सीएनजी किट बसवलंत, तर आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंद करा. जुन्या दराने किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, एवढाच बोजा. तो वाचवायला नोंद लपवली की आग लागल्यावर कंपनीला नकाराचं कारण आयतं मिळतं. मुलगा खासगी गाडी भाड्याने चालवून खर्च काढायच्या विचारात असेल तर त्यालाही सांगा: खासगी पॉलिसीत भाडं घेऊन नेआण बसत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवलात तर त्याच्यासाठी वर्षाला ५० रुपयांचं कलम असतं, तेही न विसरता घ्या. तो माणूस तुमच्यासाठी रस्त्यावर असतो.

तुमच्या रिन्यूअलसाठी मी असं करीन. मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्यायची, सगळीकडे आयडीव्ही तीच, अ‍ॅड-ऑन तीच, डिडक्टिबल साडेसात हजार. एक कोटेशन किलोमीटरच्या टप्प्याचं. तुलना करताना एकूण रकमेकडे न बघता ओन डॅमेजची ओळ ओळीशी ताडून पाहायची. मुदत ओलांडू द्यायची नाही. एक दिवस जरी मध्ये गेला तरी गाडीची तपासणी मागे लागते, विम्याशिवाय पकडलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड आहे, आणि ९० दिवस उलटले की ५० टक्के बोनस कायमचा जातो.

एजंट की ऑनलाइन? मी स्वतः दादरला याच कामात आहे, तेव्हा माझं मत त्या अनुषंगाने वाचा. गाडी नवी आहे, क्लेम नाही, कागद सरळ आहेत आणि तुम्हाला पॉलिसीची ओळ अन् ओळ वाचायची सवय आहे, तर थेट ऑनलाइन घ्या. थोडं स्वस्त पडेल. बोनस दुसऱ्या गाडीवरून आणायचा आहे, नाव बदलायचं आहे, दिव्यांगांची सूट किंवा परदेशातला बोनस मागायचा आहे, तर माणूस हवा. तो निवडताना सवलत किती देतो हे विचारू नका. गेल्या पावसाळ्यात किती क्लेम हाताळले आणि सर्व्हेअर येतो तेव्हा तुम्ही गॅरेजमध्ये हजर असता का, हे विचारा. आणि क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिन्याभरात समाधान झालं नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तुमच्या घरापासून रिक्षाने जवळ, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.